पगार गावचा, घराचा भाव हिंजवडीचा : हिशेब नीट समजून घ्या

नांदे (ता. मुळशी) : "पुण्याकडं पगार चांगला मिळतो" हे आपण पारावर रोज ऐकतो. खोटं नाही ते. पण पगारासोबत घराचा भावही वाढतो आणि तो सगळ्यांसाठी सारखाच वाढतो. पगार मात्र सगळ्यांचा सारखा वाढत नाही. आपल्या भागातल्या तरुणांची अडचण इथंच होते.

गावात घर महाग का झालं?

घराचा भाव विटा-सिमेंटवर कमी आणि विकत घेणाऱ्याच्या खिशावर जास्त ठरतो. हिंजवडीचं आयटी पार्क आपल्याच मुळशी तालुक्यात आहे. शेजारची सूस आणि म्हाळुंगे ही गावं जून 2021 मध्ये पुणे महापालिकेत गेली. त्यामुळं नांदे, चांदे, लवळे या पट्ट्यात फ्लॅट बघायला येणारा माणूस बहुतेक वेळा शहरातल्या पगाराचा असतो. भाव त्याला परवडेल असा निघतो. ताम्हिणीकडं गेलात की तालुका तोच, पण भाव वेगळा. कारण तिथून रोज हिंजवडीला जाणं जमत नाही.

पगाराचं उलटं आहे. राज्यात दुकानं आणि आस्थापनांसाठी किमान वेतनाचे तीन झोन आहेत. महापालिका हद्दीत दर सर्वात जास्त, तर ग्रामपंचायत भागात कमी. म्हणजे रस्त्याच्या पलीकडं महापालिका आणि अलीकडं ग्रामपंचायत असेल, तर कायद्यानं ठरलेला किमान पगारही बदलतो. फ्लॅटवाला मात्र "ही ग्रामपंचायत आहे" म्हणून तेवढी सूट देत नाही.

एकच फ्लॅट, दोन खिसे

समजा, फ्लॅट 45 लाखांचा आहे. महिना 1 लाख कमावणाऱ्याची ती पावणेचार वर्षांची कमाई झाली. महिना 20 हजार कमावणाऱ्याची तीच जवळजवळ 19 वर्षांची कमाई, तीही एक रुपया खर्च न करता!

आता कर्ज बघा. 30 ते 75 लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 80 टक्के रक्कम देऊ शकते. म्हणजे 36 लाख बँकेचे आणि 9 लाख आपले. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी वेगळी. साडेआठ टक्के व्याजानं 20 वर्षांसाठी 36 लाख घेतले, तर हप्ता साधारण 31,250 रुपये येतो. 20 वर्षांत बँकेला एकूण सुमारे 75 लाख जातात. वीस हजार पगारवाल्याचा पगारच हप्त्यापेक्षा कमी, तो काय भरणार?

सरकारही हा फरक मानतं

केंद्र सरकारच्या नोकरांना घरभाडे भत्ता शहर बघून मिळतो. सध्या पुणे, मुंबईसारख्या मोठ्या शहरांत मूळ पगाराच्या 30 टक्के, नाशिक-नागपूरला 20 टक्के आणि गावाकडं 10 टक्के. मूळ पगार 30 हजार असेल तर पुण्यात भत्ता 9 हजार आणि गावाकडं 3 हजार. खाजगी नोकरीत बहुतेक ठिकाणी असं कुणी वेगळं मोजत नाही. ते आपणच मोजायचं.

हातात उरतं किती?

समजा, वाशिमचा एक मुलगा हिंजवडीत 30 हजारांवर लागला. खोलीभाडं 9 हजार, मेस-चहा 6 हजार, इतर खर्च 4 हजार. उरले 11 हजार. नांदे गावचा मुलगा पिरंगुटला 21 हजारांवर आहे. घरी 6 हजार देतो, पेट्रोल आणि इतर खर्च 4 हजार. त्याच्याकडंही 11 हजारच उरले. वर जेवण घरचं आणि आजारपणात माणसं जवळ.

म्हणजे गावात स्वतःचं घर असणं हा महिन्याला 9 हजारांचा न दिसणारा पगार आहे. तो पगारपत्रकावर येत नाही, म्हणून आपण विसरतो.

अर्थात राहणीमान पैशावरच ठरत नाही. नळाला पाणी आहे की टँकर, दवाखाना किती लांब, शाळा कशी, ट्रॅफिकमध्ये दिवसाचे किती तास जातात, हेही जमेला धरा. रोज दोन तास रस्त्यात गेले तर महिन्याच्या 25 दिवसांत 50 तास होतात!

निर्णय घेण्याआधी हे करा

- पगार विचारताना हातात येणारी रक्कम विचारा. भाडं, जेवण, प्रवास वजा करूनच दोन नोकऱ्यांची तुलना करा.
- सगळे हप्ते मिळून घरच्या उत्पन्नाच्या 40 टक्क्यांच्या आत ठेवा.
- फ्लॅट घेताना महारेराच्या वेबसाइटवर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक तपासा.
- प्लॉट घेताना सातबारा, एनए आदेश आणि रस्ता कागदावर बघा. नुसत्या नोटरीवर व्यवहार करू नका.
- घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते.

आणि जमीन विकायची वेळ आली तर हाच हिशेब उलटा मांडा. आज आलेला भाव मोठा वाटतो. पण उद्या पोराला याच गावात घर घ्यायचं झालं, तर ते त्यालाही हिंजवडीच्याच भावानं घ्यावं लागेल. राहत्या घरापुरती तरी जागा हातची सोडू नका.