देवळा

महाराष्ट्र राज्याच्या नाशिक जिल्ह्यातील एक गाव व याच नावाच्या तालुक्याचे ठाणे. हे नाशिकच्या ईशान्येस सु. ८० किमी.वर, सातमाळा रांगेच्या उत्तरेस, कोलथी नदीकाठी वसले आहे. चांदवडहून सटाण्याकडे जाणारा विंचूर–प्रकाशा हा जुना मार्ग व कळवण–मालेगाव वाहतूक येथे एकत्र येते. गावाचे व्यापारी महत्त्व मुख्यत्वे त्यामुळेच आहे. परिसरातील बोलीवर अहिराणीचा ठसा आढळतो. कळवण, सटाणा, मालेगाव व देवळा या टापूस आद्याक्षरांवरून ‘कसमादे’ म्हणतात.

हा प्रदेश ऐतिहासिक बागलाणच्या दक्षिण सीमेवरचा. बागलाणचे बागूल घराण्याचे राज्य १६३८ मध्ये मोगलांनी जिंकले. सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर परतणाऱ्या छत्रपती शिवाजी महाराजांनी १७ ऑक्टोबर १६७० रोजी दाऊदखानाशी जी लढाई दिली, तीत दक्षिणेकडील डोंगरातील कांचन–मंचन परिसराचा उल्लेख येतो. इंग्रजी अंमलात बागलाण प्रथम खानदेशात होते. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा स्थापन होताना ते त्यास जोडले गेले. देवळा दीर्घकाळ कळवण तालुक्यात होते. स्वतंत्र तालुका १९९९ मध्ये झाला. पुढे ग्रामपंचायतीच्या जागी नगरपंचायत आली.

तालुक्याचे खरे विभाजन पाण्याने केले आहे. उत्तरेस गिरणेकाठी लोहोणेर, विठेवाडी येथे बागायत असून ऊस होतो. विठेवाडीचा सहकारी साखर कारखाना याच आधारावर उभा राहिला, मात्र तो काही हंगाम बंदही होता. दक्षिणेकडील गावे पर्जन्यछायेत मोडतात. तेथील शेती विहिरींवर चालते व अवर्षणात पिण्याचे पाणीही टँकरने आणावे लागते. त्यामुळे गिरणेवरील चणकापूर धरणाच्या कालव्याचे पाणी शेवटच्या गावापर्यंत पोहोचते की नाही, हा येथील नित्याचा वाद आहे.

कांदा हे प्रमुख नगदी पीक. मार्च–एप्रिलमध्ये निघणारा उन्हाळ कांदा चाळीत साठवून भाव पाहून विकतात. म्हणूनच डिसेंबर २०२३ ते मे २०२४ मधील निर्यातबंदीसारख्या निर्णयाची झळ येथे तत्काळ पोहोचते. कोरडवाहू भागास काही काळ सुबत्ता देणाऱ्या डाळिंबाच्या बागा तेल्या रोगाने बऱ्याच ठिकाणी मोडल्या. मुंबई–आग्रा महामार्गावरील उमराणे ही कांद्याची मोठी बाजारपेठ याच तालुक्यात आहे.