दोन घरचा मुलगा आणि संगणकावरील वंशावळ

वंशावळ म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे झाड येते. एक मूळ पुरुष, त्याच्या फांद्या आणि प्रत्येक पान एकाच देठाला लागलेले. पण घराणी अशी सरळ वाढत नाहीत.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथे १८६३ साली जन्मलेल्या गोपाळ काशीराव गायकवाड या मुलाला २७ मे १८७५ रोजी बडोद्याच्या जमनाबाई महाराणींनी दत्तक घेतले आणि तो सयाजीराव महाराज झाला. पती खंडेराव महाराज १८७० सालीच वारले होते. आपण या मुलाचे बाप झालो हे त्यांना कधी कळलेच नाही! आता हा मुलगा वंशावळीत लावावा कोठे?

नवखा मनुष्य त्याला खंडेरावांखाली लावतो आणि 'दत्तक' एवढा शब्द टिपेत लिहितो. आमच्या मते हीच मोठी चूक होय. टीप माणूस वाचतो. यंत्र तीवरून नाते जोडीत नाही. कवळाण्याचे गायकवाड ही राजघराण्याचीच धाकटी, वारसाहक्कापासून दूरची शाखा. जन्माची रेषा पुसली, तर हे रक्ताचे नातेच तक्त्यातून नाहीसे होते.

निरनिराळी सॉफ्टवेअरे ज्या सामायिक पद्धतीने माहितीची देवघेव करतात, ती 'गेडकॉम' पद्धत अमेरिकेतील मॉर्मन पंथीयांनी १९८४ साली प्रथम काढली. तीत व्यक्तीची नोंद वेगळी, कुटुंबाची वेगळी. एकच मूल दोन कुटुंबांना जोडता येते व प्रत्येक जोडणीचा प्रकारही सांगता येतो. म्हणून काशीराव-उमाबाईंकडे 'जन्माने', खंडेराव-जमनाबाईंकडे 'दत्तक' असे लिहावे. दत्तविधान ही स्वतंत्र घटना तारखेसह नोंदवावी. ते पतीने केले, पत्नीने की दोघांनी, हे सांगण्याचीही तेथे सोय आहे. येथे अर्थातच पत्नीने. नावेही दोन्ही ठेवावीत.

१९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यानेही दत्तक मूल नव्या घरचे मानले, पण जन्मघरातील ज्या नात्यांत विवाह निषिद्ध, तो निषेध कायम ठेवला.

दोन बायका असतील तर दोन कुटुंबे करावीत. लग्नावाचून एकत्र राहिलेल्यांचे कुटुंब विवाहाची घटना न भरता मांडता येते. लेकावळ्यांना गाळण्याचे मग कारण उरत नाही. २०२१ च्या सातव्या आवृत्तीने तर पती-पत्नीच्या रकान्यांवरून कोणाचे स्त्रीपुरुषत्व गृहीत धरू नये, असे स्पष्टच म्हटले आहे.

हयात माणसांचे मात्र निराळे. आपण दत्तक आहो हे काहींना स्वतःलाच ठाऊक नसते. अशी नोंद खासगी ठेवण्याची सोय बहुतेक सॉफ्टवेअरांत असते. ती वापरावी, आणि लग्नकार्यात वाटण्यासाठी तक्ता छापताना ती नोंद खरोखरच वगळली गेली आहे ना, हे आपल्या डोळ्यांनी पाहावे.