तळ्यावर उभी मशीद

मशीद पाहायला निघालेला माणूस आधी मान वर करतो. विजापूरच्या जामा मशिदीचा घुमट, दिल्लीच्या जामा मशिदीचे मिनार ही चित्रे त्याच्या डोळ्यांत आधीच असतात. त्यामुळे मुंबईत झवेरी बाजाराच्या गर्दीतून वाट काढत शेख मेमन स्ट्रीटवरच्या जामा मशिदीपाशी आला, की तो थोडा हिरमुसतो. रस्ता अरुंद, चारी बाजूंनी बाजार, चार पावले मागे सरून इमारत न्याहाळावी इतकीही मोकळीक नाही. दगडविटांची चौकोनी इमारत आणि तिच्याभोवती दुमजली इमारतींचे कडे, एवढेच काय ते नजरेत भरते. पण ही मशीद वरून खाली पाहायची नाहीच, ती खालून वर पाहायची आहे. पूर्वेकडच्या मोठ्या दरवाजातून आत शिरले की अंगणापलीकडे पाणी दिसते. तो शोभेचा हौद नव्हे. ते मशिदीहून जुने तळे आहे आणि मशीद त्याच्यावर उभी आहे. तळ्यामुळे मशिदीला तिचे रूप मिळाले, मशिदीमुळे तळे वाचले, आणि दोन्ही टिकली ती रोजच्या वापरामुळे. पाहुण्याने इथे काय पाहावे आणि कसे वागावे, हेही त्या वापरावरूनच ठरते, असे मला वाटते.

मुंबईची आधीची जामा मशीद किल्ल्याच्या परिसरात होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात, ती पाडली गेली आणि नव्या जागेचा शोध सुरू झाला. जी जागा मिळाली ती तेव्हा बागांच्या आणि मोकळ्या जमिनीच्या मधोमध होती, तिच्यात एक मोठे तळे होते आणि ती एका कोकणी मुसलमान व्यापाऱ्याच्या मालकीची होती. त्याने जागा दिली, पण एका अटीवर: तळ्याला धक्का लागता कामा नये. या अटीमुळे मशीद तळ्याच्या काठावर न बांधता तळ्यावरच बांधली गेली. आधी एकच मजला होता. १७७५च्या सुमारास सुरू झालेले हे काम १८०२मध्ये पुरे झाले. पुढे बांधकाम वाढत गेले. तळ्यातून वर येऊन सगळ्या इमारतीचा भार पेलणाऱ्या काळ्या दगडाच्या सोळा कमानी १८७४च्या आहेत, तर पाण्यापर्यंत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या आणि बांधीव काठ १८९३चे. वरचा मजला लाकडी खांबांच्या पाच ओळींवर तोललेला आहे आणि त्या खांबांमध्ये धर्मग्रंथ ठेवायला कोनाडे आहेत. तळ्याला पाणी मिळते ते तळच्या झऱ्यांतून.

काम पुरे झाल्याचे साल बांधणाऱ्यांनी आकड्यांत न सांगता दोन शब्दांत सांगितले: ‘जहाज़-ए-आख़िरत’, म्हणजे परलोकाचे जहाज. अरबी लिपीतल्या प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत असते, तिला अबजद म्हणतात. जीमचे ३, हेचे ५, अलिफचा १, झेचे ७, हे झाले १६. ‘आख़िरत’मधल्या अलिफचा १, खेचे ६००, रेचे २००, तेचे ४००, हे झाले १२०१. दोन्ही मिळून १२१७, आणि १२१७ हिजरी म्हणजे इसवी १८०२. नुसते साल साधायचे असते तर दुसरे शब्दही जुळवता आले असते. पण पाण्यावरच्या इमारतीला जहाज म्हणणे हे समुद्रावर पोट असणाऱ्यांनाच सुचावे. मुंबईच्या कोकणी मुसलमानांत नाखुदा, म्हणजे जहाजाचे कप्तान, आणि जहाजमालक होते, अरबी समुद्रावरच्या व्यापारातून त्यांच्या समाजाची घडण झाली. ते शाफई पंथाचे आहेत, हीदेखील त्या व्यापारातून आलेल्या अरबी संबंधाचीच खूण. मशीद पाहणाऱ्याने नक्षीच्या आधी हे दोन शब्द समजून घ्यावेत, कारण इमारतीचा स्वभाव त्यांत आला आहे.

मशिदीला एवढे पाणी लागतेच कशाला? नमाजाआधी वुजू करावा लागतो: मनगटापर्यंत हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत बाहू धुवायचे, डोक्यावरून ओला हात फिरवायचा, मग घोट्यापर्यंत पाय धुवायचे. दिवसाचे पाच नमाज आणि शुक्रवारची गर्दी म्हटल्यावर पाणी दारातच हवे. पण धर्मशास्त्राचाही इथे संबंध येतो. शेकडो हात बुडलेले साठ्याचे पाणी शुद्ध मानायचे की नाही, या प्रश्नाचा फिक्हमध्ये, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रात, तपशिलात विचार झाला आहे. शाफई पंथात दोन मोठ्या रांजणांइतके पाणी असले आणि त्याचा रंग, वास, चव बदललेली नसली, तर ते पाक. हनफी परंपरेत दहा हात लांब आणि दहा हात रुंद हौदाला वाहत्या पाण्याचा दर्जा मिळतो. हौद प्रशस्त असण्याला असा शास्त्राचा आधार आहे. इथे मुळात तळेच असल्याने तो प्रश्न आपोआप सुटला.

आता मशिदीबाहेरची मुंबई पाहावी. १८६०मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने आले तोवर हे शहर विहिरी आणि तलावांवर जगत होते. धोबीतलाव, गोवालिया टँक, नवाब टँक, दो टाकी, सी. पी. टँक: नावे राहिली, पाणी गेले. नळ आल्यावर तलावांची गरज कमी झाली, आणि १९११च्या सुमारास डॉ. बेंटली यांच्या हिवतापावरच्या पाहणीने डासांसाठी विहिरींवर बोट ठेवले, तेव्हा उघडे पाणी बंद करण्याच्या बाजूने मोठे कारण मिळाले. ते कारण खोटे नव्हते. माणसे खरोखर तापाने मरत होती. तरीही काही पाणी उरले: वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव, चर्चगेटजवळची पारशांची १७२५ची भिका बेहराम विहीर आणि हे मशिदीतले तळे.

यावर कोणी म्हणेल, श्रद्धेने वाचवले, एवढा साधा अर्थ आहे. पण इथून हाकेच्या अंतरावर मुंबादेवीचेही तळे होते. ज्या देवीवरून शहराला नाव मिळाले तिच्या दारातले ते तळे बुजवले गेले. श्रद्धा तिथेही कमी नव्हती. फरक मला दिसतो तो वापराचा. तळे गेले तरी देवीचे दर्शन आणि पूजा चालू राहू शकत होती. बाणगंगेवरचे अंत्यविधी पाण्यावाचून होत नाहीत, भिका बेहरामपाशीची प्रार्थना त्या पाण्यासमोरच होते, आणि जामा मशिदीचे तळे बुजवायचे म्हणजे इमारतीच्या पायालाच हात घालायचा. जे पाणी रोजच्या कामात गुंतलेले होते, तेच राहिले. या तळ्यात सोनेरी-चंदेरी मासे असल्याची नोंद १९०९-१०च्या गॅझेटियरमध्ये आहे, म्हणजे पाण्याची जोपासनाही होत होती.

वापराने वास्तूचे नुकसान होते, हा आक्षेप मी हलका मानत नाही. नळ, पंखे, रंगाचे हात, वाढीव मजले यांनी जुने रूप बदलतेच. १८०२ची एकमजली मशीद आज कोणाला दिसणार नाही. पण कुलूपबंद करून जपली असती, तर १८७४मध्ये कमानींवर आणि १८९३मध्ये पायऱ्यांवर कोणी पैसा ओतला असता का? ती दुरुस्ती नमाजी माणसांच्या गरजेतून झाली. आज आपण जो वारसा म्हणून पाहतो त्याचा बराचसा भाग ही गरजेपोटी पडलेली भरच आहे.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा: प्रार्थनेची जागा आहे तर पर्यटकाने यावेच कशाला? मोरोक्कोत बहुतेक मशिदींत गैरमुस्लिमांना प्रवेश नाही, हे खरे आहे. पण तो सर्वत्रचा नियम नाही. नजरानच्या ख्रिस्ती शिष्टमंडळाला पैगंबरांनी मदिनेच्या मशिदीतच भेट दिली, असे परंपरा सांगते. महाराष्ट्रात अलीकडे काही मशिदींनी ‘मशीद परिचय’ या नावाने शेजाऱ्यापाजाऱ्यांना आत बोलावले आहे. अवघड प्रश्न आहे तो बायकांचा. पुण्याच्या एका दांपत्याने स्त्रियांच्या मशिदीतल्या प्रवेशासाठी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्यावर मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने २०२०मध्ये, स्त्रियांना नमाजासाठी मशिदीत येण्याची मुभा आहे, असे सांगितले. मुभा असणे आणि जागा असणे यांत मात्र अंतर आहे. कॅमेरा घेतलेली पाहुणी ज्या दारातून आत जाते त्याच दारापाशी मोहल्ल्यातली बाई थबकत असेल, तर ते अंतर समाजानेच भरून काढले पाहिजे.

पर्यटकापुरते सांगायचे तर जमातची, म्हणजे सामूहिक नमाजाची, वेळ टाळावी, शुक्रवारची दुपार तर नक्कीच. दारात विचारावे, चपला काढाव्यात, अंग झाकलेले असावे. ‘आत येऊ नका’ असे कोणी म्हटले तर वाद न घालता परत फिरावे. परवानगी मिळाली तरी वुजू करणाऱ्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखू नये. तो देखावा नाही, त्याची नमाजाची तयारी चालू आहे. मग तळ्याच्या बाजूला थांबून आधी पाण्यातल्या काळ्या कमानी पाहाव्यात, मग त्यांच्यावरचा मजला, मग त्यावरचे लाकडी खांब. मेहराबकडे नजर शेवटी जाते. ती पश्चिमेला आहे, मक्केच्या दिशेला, आणि मुंबईहून त्या दिशेला समुद्र आहे.