इंजिन धरले, दोष कुणाचा?

(द्वितीय वर्ष, कला)

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने डिझेल इंजिनावर लेख लिहावा याचे काही मित्रांना नवल वाटले. कविता आणि प्रवासवर्णने यांच्यामध्ये हा तेलकट विषय कशाला, असे त्यांचे म्हणणे पडले. परंतु पिंप्राळ्यात माझ्या वडिलांचे इंजिन दुरुस्तीचे दुकान आहे, आणि त्या दुकानाच्या मिळकतीवरच आमच्या घरातले पहिले माणूस कॉलेजची पायरी चढले. शिवाय मराठीच्या तासाला ज्या 'किर्लोस्कर' मासिकाचे नाव आपण आदराने घेतो, ते १९२० साली 'किर्लोस्कर खबर' या नावाने निघाले तेव्हा एका कारखान्याचेच पत्र होते. तेव्हा साहित्य आणि लोखंड यांचे वैर आहे असे कुणी समजू नये.

दुकानात बंद इंजिन घेऊन येणारा माणूस पहिले वाक्य ठरलेले बोलतो : "कंपनीने मालच खराब दिला." आणि विक्रेत्याकडे गेले की तेथलेही वाक्य ठरलेले : "तुम्ही नीट वापरले नाही." या दोन वाक्यांच्या मध्ये खरे काय असते, ते सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम हे यंत्र चालते कसे ते थोडक्यात पाहू. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आपले इंजिन यशस्वी करून दाखविले. त्यात ठिणगी नाही. सायकलचा पंप मारताना तो खालून गरम होतो हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. तोच प्रकार येथे मोठ्या प्रमाणावर होतो. सिलिंडरमधली हवा पिस्टन साधारण सोळा ते अठरा पट दाबतो, ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्या क्षणी नोझलमधून धुक्यासारखे डिझेल आत येऊन आपोआप पेटते. शेतीच्या साध्या इंजिनातही हे डिझेल चौरस सेंटिमीटरला दोनशे किलोच्या आसपास दाबाने फेकले जाते. एवढा दाब टिकावा म्हणून पंपाचा एलिमेंट व त्याचे घर यांच्यामध्ये मिलिमीटरच्या दोन-तीन सहस्रांशांचीच फट ठेवलेली असते. माणसाचा केस त्याच्या वीस-पंचवीस पट जाड! मग रस्त्याकडेच्या उघड्या डब्यातून, फडक्याने गाळून ओतलेल्या डिझेलमधली धूळ तेथे काय करीत असेल, याची वाचकांनीच कल्पना करावी.

आप्पा सातवीपर्यंत शिकले. पण खोललेल्या इंजिनापुढे ते बसले की एखादा पंचनामा चालल्यासारखे वाटते. त्यांचे एक वाक्य आमच्या गल्लीत सर्वांना पाठ आहे : "इंजन आपोआप मरत नही भो, त्याले कोणीतरी मारते." कोणी मारले हे लोखंडावर लिहिलेले असते, फक्त वाचता आले पाहिजे. लायनर वरच्या रिंगेच्या जागी खूप झिजलेला, खाली मात्र ठीक, आणि त्यावर उभे बारीक ओरखडे असे दिसले की हवेबरोबर धूळ आत गेली. एअर क्लीनरची वाटी उघडून पाहावी; बहुधा त्यातले तेल केव्हाच सुकलेले असते, किंवा चिखल झालेला असतो. आपल्याकडच्या काळ्या जमिनीची उन्हाळ्यातली धूळ ज्याने पाहिली आहे त्याला अधिक सांगायला नको. हा दोष मालकाचा.

बेअरिंग जळून काळेनिळे झाले आणि तळाचे ऑइल डांबरासारखे घट्ट निघाले, तर ऑइल वेळेवर बदलले नाही. हाही मालकाचाच. परंतु बेअरिंग एकाच बाजूने खाल्लेले असेल, दुसरी बाजू नव्यासारखी चकचकीत असेल, तर क्रँक किंवा कनेक्टिंग रॉड सरळ रेषेत नाही. आणि इंजिन कधी खोललेच नसेल तर ही वाकडी रेषा कारखान्यातूनच आली, असे आप्पा म्हणतात.

एक गोष्ट मात्र मालकाची म्हणावी की आणखी कुणाची, याचा निर्णय मला अजून नीट करता येत नाही. विहिरीवरच्या पुष्कळ इंजिनांना पंपाच्याच पाण्याची एक नळी जोडून गार ठेवतात. "इंजिन जितके गार तितके आयुष्य जास्त" असा शेतकऱ्यांचा पक्का समज आहे. प्रत्यक्षात सिलिंडर फार गार राहिला तर डिझेल पुरते जळत नाही, न जळलेले डिझेल भिंतीवरचे ऑइल धुऊन नेते आणि रिंगा कोरड्या घासतात. डिझेलही जास्त लागते. पाणी जड असेल तर पुढे आत क्षार बसून उलटे दुखणे सुरू होते, म्हणजे इंजिन तापते. १९७८ साली स्थापन झालेली पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था पंपसंचावरची डिझेलची ही उधळपट्टी थांबवा म्हणून शेतकऱ्यांना सांगत आली आहे. पण शेतकऱ्याच्या हाती येणारी पुस्तिका पाहावी. आमच्या दुकानातल्या कपाटात अशा पुस्तिकांचा ढीग आहे आणि त्यातल्या बहुतेक इंग्रजीत आहेत. आप्पांना लागेल ते पान मी आठवीत असल्यापासून वाचून दाखवीत आलो. ज्याच्या घरी वाचणारा नाही त्याने "नीट वापरले नाही" हा आरोप कोणत्या तोंडाने ऐकून घ्यावा? १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली तेव्हा लोखंडी नांगराने जमीन नासते असे मानणाऱ्या शेतकऱ्याला समजावून सांगण्याचे काम लक्ष्मणराव किर्लोस्करांना करावे लागले होते. विकणाऱ्याने शिकवायचेही असते, ही जाण आपल्याच महाराष्ट्रात होती.

आता तिसऱ्या आरोपीकडे वळू. तो मालकही नाही आणि निर्माताही नाही. डिझेलमध्ये रॉकेल मिसळले की त्याचा ओशटपणा जातो. आणि पंपाच्या एलिमेंटला दुसरे वंगण नसते, डिझेल हेच त्याचे वंगण. एलिमेंट झिजतो, दाब पडतो, नोझल धुक्याऐवजी थेंब टाकू लागते, पिस्टनच्या डोक्याला भोक पडते. मालक कंपनीला शिव्या देतो, कंपनी मालकाला. मनमाडजवळच्या पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे साठे आहेत. तेथे २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी भेसळीचा प्रकार उघडकीस आणण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांना दिवसाढवळ्या जाळून मारण्यात आले. तेव्हा मी अगदी लहान होतो. पण आमच्या दुकानात ती गोष्ट अजून निघते, कारण त्या भेसळीने खाल्लेले एलिमेंट आप्पांनी वर्षानुवर्षे बदलले आहेत. डुप्लिकेट रिंगा आणि डुप्लिकेट फिल्टर हेही याच आरोपीचे भाऊबंद.

निर्माता दोषी असतो तेव्हा काय होते याचे मोठे उदाहरण अमेरिकेतले आहे. जनरल मोटर्सने १९७८ पासून ओल्ड्समोबाइल गाड्यांत एक डिझेल इंजिन दिले. डिझेल इंजिनातला दाब पेट्रोलच्या मानाने खूपच जास्त, तरी हेड आवळणाऱ्या बोल्टांची संख्या व मांडणी पेट्रोल इंजिनाचीच ठेवली. बोल्ट ताणले गेले, गॅस्केट उडाली, पाणी सिलिंडरमध्ये शिरले. डिझेलमधले पाणी वेगळे करणारा भागही त्यात दिला नव्हता; म्हणून काही मालकांनी पेट्रोल गाडीच्या सवयीने टाकीत अल्कोहोल ओतले, आणि त्याने पंपाची सीले खराब झाली. येथे मालक चुकला खरा, पण त्याला चुकायला लावले कुणी? १९८५ साली ते इंजिन बंद झाले.

आमच्या घरातलेच उदाहरण सांगतो. गिरणाकाठी माझ्या मामांची दोन एकर केळी आहे. वीज पाळीपाळीने येते, म्हणून त्यांनी कर्ज काढून नवे डिझेल इंजिन घेतले. गेल्या वर्षी चैत्रात, गॅरंटीची मुदत शिल्लक असताना, ते धरले. विक्रेत्याचा माणूस चार दिवस आला नाही. चैत्रात केळीला चार दिवस पाणी नाही म्हणजे काय, हे जळगाव जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. पाचव्या दिवशी मामांनी गावातल्या फिटरकडून इंजिन खोलून घेतले आणि मग ते आमच्याकडे आणले. ऑइल स्वच्छ होते, एअर क्लीनर ठीक होता. बेअरिंगमध्ये मात्र ऑइलच्या भोकाशीच ओतकामाच्या वाळूचे कण रुतलेले आप्पांना सापडले. विक्रेत्याने ते पाहिलेच नाहीत. "बाहेर खोलले, गॅरंटी संपली," एवढेच तो बोलला. मामी त्या दिवशी आमच्या ओट्यावर बसून काही न बोलता परत गेल्या. निम्मी केळी तोवर माना टाकून बसली होती.

खोलल्याशिवाय दोष सिद्ध होत नाही, आणि खोलले की हक्क जातो! या पेचाला कायद्यात वाट आहे, ती फार थोड्यांना माहीत असते म्हणून येथे देतो. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली झाला व त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः यंत्र वापरणारा शेतकरी त्यात ग्राहकच धरला जातो. मालातला दोष तपासणीशिवाय कळण्यासारखा नसेल, तर जिल्हा आयोग तो सीलबंद करवून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. याच कायद्यात वापराच्या पुरेशा सूचना न देणे हाही निर्मात्याचा दोष मानला आहे आणि मालकाने गैरवापर केला किंवा फेरफार केला तर निर्माता सुटतो असेही म्हटले आहे. मात्र ते कलम यंत्रामुळे झालेल्या इतर हानीसाठी आहे. खुद्द यंत्राच्या नुकसानीसाठी सदोष मालाची साधी तक्रार करावी लागते. म्हणून इंजिन धरले की आधी विक्रेत्याला लेखी कळवावे, त्याची पोच घ्यावी, ऑइल-फिल्टरच्या पावत्या गोळा कराव्यात, आणि हातात पाना घेण्याआधी अर्ज करावा. उभे पीक असलेल्या माणसाला हे किती जड आहे, ते मी पाहिले आहे.

तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे असते. मामांची ती येत्या चैत्रात पुरी होते. अर्ज मी मराठीत लिहून काढला आहे. बेअरिंग आप्पांनी जसेच्या तसे कागदात गुंडाळून, तारीख घालून कपाटात ठेवले आहे. आधीच खोललेल्या इंजिनातले ते वाळूचे कण आयोग पुरावा म्हणून मानील की नाही, ते अर्ज दाखल केल्यावर कळेल.