सप्तर्षींजवळची विस्कटलेली दीर्घिका

एप्रिलच्या सुरुवातीला चंद्र नसलेल्या रात्री, साडेनऊच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. उजव्या हाताला सप्तर्षी दिसतील. ध्रुव दाखविणाऱ्या दोन ताऱ्यांपैकी ध्रुवाच्या बाजूचा तो क्रतु. चौकोनात त्याच्या तिरकस समोरचा पुलस्त्य. पुलस्त्यापासून क्रतूपर्यंत मनाने रेघ ओढा आणि ती तितकीच पुढे वाढवा. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे दहा अंश व्यापते. हे अंतरही जवळजवळ तेवढेच आहे.

नुसत्या डोळ्यांना तेथे काही दिसणार नाही. द्विनेत्री स्थिर टेकवून त्या जागेच्या आसपास सावकाश फिरवा. चंद्रबिंबाहून थोड्या जास्त अंतरावर दोन पुसट डाग दिसतील. गोलसर, जरा ठळक तो एम ८१; बारीक रेघेसारखा तो एम ८२. शहराच्या दिव्यांत हा खटाटोप करू नका. अंधारात डोळे सरावायला वीस मिनिटे द्या, आणि डागाकडे रोखून न पाहता किंचित बाजूला पाहा. मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी नसतात. अंधारात येताच दोन मिनिटांत दिसले असे कोणी म्हणाला, तर मला शंका येते!

बोडे यांनी ही जोडी १७७४ साली बर्लिनहून शोधली. तिचा प्रकाश आपल्याकडे यायला सुमारे १ कोटी २० लाख वर्षे लागतात. एम ८१ ही सुबक सर्पिल दीर्घिका आहे. एम ८२ मात्र धुळीच्या काळ्या पट्ट्यांनी चिरलेली, म्हणून तिला 'अनियमित' वर्गात घातले गेले. तिची ही दशा शेजारणीने केली. पूर्वी दोघी जवळून गेल्या, तेव्हा एम ८१ च्या गुरुत्वाकर्षणाने तिच्यातील वायू ढवळून मध्याकडे लोटला गेला. तेथे आज आपल्या संपूर्ण आकाशगंगेच्या सुमारे दहापट वेगाने तारे जन्मतात, आणि त्या धांदलीत तापलेला वायू दोन्ही बाजूंना बाहेर उसळतो. धुळीतून पार होणाऱ्या अवरक्त किरणांनी पाहिल्यावर २००५ साली तिलाही सर्पिल बाहू असल्याचे आढळले. म्हणजे 'अनियमित' हे वर्णन बरेचसे वरवरच्या रूपाचे होते.

२१ जानेवारी २०१४ रोजी लंडनमधील एका वेधशाळेत एक प्राध्यापक विद्यार्थ्यांना दुर्बीण चालवायला शिकवीत होते. ढग जमू लागले, म्हणून घाईने त्यांनी एम ८२ कडे दुर्बीण वळविली. तेथे पूर्वीच्या छायाचित्रांत नसलेला एक तारा चमकत होता. तो अतिनवतारा होता.