दवाखान्यातलं ते टेबल

वॉर्डात ड्यूटी करताना हे मी कितीदा पाहिलं. डॉक्टर बाहेरच्या औषधाची चिठ्ठी लिहून जातात आणि पेशंटची आई ती चिठ्ठी धरून तशीच उभी राहते. पैसे नाहीत हे कुणाला सांगायचं, तेच तिला ठाऊक नसतं. मी तिला खाली समाजसेवा अधीक्षकांच्या टेबलाकडे पाठवायचे. रेशनकार्ड बघून महात्मा फुले योजनेत बसवणं, ट्रस्टकडून मदत मिळवणं, बेवारस पेशंटचे नातेवाईक शोधणं ही कामं तिथली.

आपल्या वस्तीत समाजसेवा म्हणजे फुकटचं काम असं समजतात. ही मात्र पगाराची नोकरी आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ साली देशातला पहिला वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथे गरिबाचा अर्ज पहिल्यांदा समाजसेवकाच्याच हातात पडतो. त्या खुर्चीत वस्ती माहीत असलेलं माणूस असलं की फरक पडतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

बारावीनंतर बीएसडब्ल्यू करता येतं. कोणत्याही शाखेची पदवी असली तरी दोन वर्षांचं एमएसडब्ल्यू करता येतं, म्हणजे बी.ए. करून घरी बसलेल्या मुलीलाही वाट आहे. शिकतानाच संस्थांत, वस्त्यांत प्रत्यक्ष काम करावं लागतं. पुढे एआरटी केंद्रात समुपदेशक, अवयव प्रत्यारोपणाचा समन्वयक, कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक अशी कामं मिळतात. मोठ्या कारखान्यात तर कल्याण अधिकारी नेमणं कायद्यानेच बंधनकारक आहे. मनोरुग्णांसोबत काम करायचं तर आणखी विशेष शिक्षण लागतं.

एक खरं सांगते. सरकारी कायम जागा थोड्या, आणि संस्थांची बरीच कामं प्रोजेक्टवर चालतात. प्रोजेक्ट संपला की पगार बंद. रुजू होण्याआधी किती महिन्यांचं काम आहे, ते लेखी घ्या. कॉलेज विद्यापीठाशी संलग्न आहे का, तेही प्रवेशाआधी विचारा. जातीचा दाखला, जात पडताळणी आणि उत्पन्नाचा दाखला बारावीतच काढून ठेवा, नाहीतर महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज अडतो.

पुढच्या वेळी सरकारी दवाखान्यात गेलात की समाजसेवा विभाग कुठे आहे ते विचारा, आणि शिकणाऱ्या मुलीला सोबत न्या. तिथल्या ताईंना तिनेच विचारू दे, त्या इथवर कशा आल्या.