रानानेच ठरवलेली इमारत

वन्यजीव रक्षणाचे कार्य करणाऱ्या संस्थेला स्वतःची वास्तू उभारायची असेल, तर तिच्यापुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. इमारत म्हटली की सिमेंट, पोलाद, खडी, वाळू आलीच. म्हणजे कुठल्या तरी डोंगरावर घाव आणि कुठल्या तरी नदीचा उपसा. ज्याचे रक्षण करायचे त्याचाच घास घेऊन उभ्या राहिलेल्या कार्यालयातून दिलेल्या उपदेशाला वजन कसे येणार? अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील आल्डो लिओपोल्ड फाउंडेशनने या प्रश्नाला दिलेले उत्तर अभ्यासण्याजोगे आहे.

लिओपोल्ड हे वनाधिकारी आणि वन्यजीव व्यवस्थापनशास्त्राचे प्राध्यापक. १९३५ साली त्यांनी विस्कॉन्सिन नदीकाठची नापीक झालेली शेतजमीन घेतली आणि कुटुंबासह तिथे पाइनची हजारो रोपे लावली. १९४८ साली शेजारच्या शेतातील आग विझवताना त्यांचे निधन झाले. त्यांच्या विचारांचा वारसा चालवणाऱ्या संस्थेने २००७ मध्ये बाराबू गावाजवळ 'लिओपोल्ड सेंटर' उभारले.

या वास्तूचा आराखडा रानात जन्मला. दाटीने वाढलेली पाइनची झाडे एकमेकांचा प्रकाश अडवत होती. वनाच्या आरोग्यासाठी विरळणी आवश्यक होती. रान किती लाकूड देऊ शकेल याचा अंदाज आधी घेण्यात आला आणि मग रचना ठरली. बारीक बुंधे चिरून फळ्या न करता गोल अवस्थेतच छपराच्या आधाराला वापरले गेले. सहा-सात दशकांपूर्वी लावलेल्या रोपांनी असे लावणाऱ्याच्याच नावाचे घर तोलून धरले.

ऊर्जेच्या बाबतीतही क्रम महत्त्वाचा ठरला: आधी गरज कमी करणे, मग निर्मिती. इमारतीची लांब बाजू दक्षिणेकडे आहे. हिवाळ्यातले कलते ऊन आत येते, उन्हाळ्यातले चढते ऊन रुंद वळचण अडवते. जमिनीखालून नेलेल्या नळ्यांतून ताजी हवा येते. मातीच्या स्थिर तापमानामुळे ती हिवाळ्यात थोडी उबदार, उन्हाळ्यात थोडी गार होते. उरलेल्या गरजेसाठी छपरावर सौर पट्ट्या बसवल्या. या वास्तूला हरित इमारतींसाठीच्या 'लीड' मानांकनातील सर्वोच्च 'प्लॅटिनम' श्रेणी मिळाली.

हा नमुना गोव्यात जसाच्या तसा उचलता येणार नाही. तिथे लढाई हिमाशी आहे. इथे सुमारे तीन हजार मिलिमीटर पावसाशी आणि दमट उकाड्याशी. उतरते कौलारू छप्पर, उंच जोते, सावलीचा व्हरांडा आणि समोरासमोरच्या खिडक्या ही आपल्या जुन्या घरांची शहाणीव इथे अधिक उपयोगी पडेल. जांभा दगड स्थानिक खरा, पण त्याच्या खाणीही डोंगर पोखरतात. म्हणून पाडलेल्या घरांचे चिरे पुन्हा वापरणे श्रेयस्कर. जागा निवडताना अस्पर्श रानाऐवजी आधीच मोकळी झालेली जमीन घ्यावी. मोठ्या काचांवर पडलेल्या आकाशाच्या प्रतिबिंबाला पक्षी धडकतात आणि रात्रभर जळणारे दिवे कीटकांना भरकटवतात, हेही आराखड्यातच लक्षात घ्यावे लागते.

तंत्रज्ञान विकत घेता येते. 'ही भूमी किती देऊ शकेल?' हा प्रश्न मात्र स्वतःलाच विचारावा लागतो. तो पहिल्या रेघेआधी विचारला गेला, तरच इमारत खऱ्या अर्थाने हरित ठरते.